कॅनडाचे प्रांत : माल कोणाचा आणि वाट कोणाची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅनडात दहा प्रांत आणि उत्तरेला तीन टेरिटरी. पाठ्यपुस्तकात ऑन्टारियो म्हणजे कारखाने, अल्बर्टा म्हणजे तेल, क्वेबेक म्हणजे वीज आणि पूर्व किनारा म्हणजे मासे, असं एका ओळीत दिलेलं असतं. पण एकाच देशात, एकाच चलनात व्यवहार करणाऱ्या या प्रांतांच्या कमाईत इतका फरक का? चांगली कमाई असणारा अल्बर्टाच सतत तक्रार का करत असतो? आणि अभ्यासाला एकच प्रांत घ्यायचा तर कोणता घ्यावा?

माझं काम बल्क, म्हणजे पोत्यांशिवाय सुट्या मालाच्या वाहतुकीचं : कडधान्य, गहू, खताचं पोटॅश. कोठारातून वाघिणीत, वाघिणीतून जहाजात. त्यामुळे ‘कुठे काय पिकतं आणि काय सापडतं’ या यादीपासून मी सुरुवात करत नाही. ती यादी पाठ करूनही कॅनडा समजत नाही. प्रत्येक प्रांताला मी दोन प्रश्न विचारतो. जमिनीतली किंवा पाण्यातली संपत्ती कायद्याने कोणाची? आणि ती गिऱ्हाइकापर्यंत नेण्याची वाट कोणाच्या ताब्यात? या दोन उत्तरांतून प्रांताची अर्थव्यवस्था बरीचशी उलगडते.

पहिला प्रश्न आधी घेऊ. १८६७ मध्ये कॅनडाचं संघराज्य झालं तेव्हा सरकारी जमीन आणि खनिजं प्रांतांकडे राहिली. मॅनिटोबा १८७० मध्ये आणि सास्काचेवान व अल्बर्टा १९०५ मध्ये प्रांत झाले, पण त्यांना ही मालकी मिळाली नाही. जमिनी केंद्राने स्वतःकडे ठेवल्या, कारण रेल्वे बांधायची होती आणि वसाहतकरी आणायचे होते. ही मालकी त्यांना मिळायला १९३० साल उजाडलं. पुढे १९८२ मध्ये राज्यघटनेत ९२-अ हे कलम आलं आणि खनिजं, जंगल व वीज यांवरचा प्रांतांचा अधिकार आणखी स्पष्ट झाला. पश्चिमेकडच्या प्रांतांमध्ये ओटावाबद्दल, म्हणजे केंद्र सरकारबद्दल, जो संशय आहे, त्याचं मूळ या उशिरात आहे. आपली जमीन आपल्याला उशिरा मिळाली, ही गोष्ट तिथे अजून विसरली गेलेली नाही.

मालकी प्रांताची, म्हणून रॉयल्टी, म्हणजे खनिज काढणाऱ्याने मालकाला द्यायचा वाटा, तीही प्रांताची. अल्बर्टात प्रांताचा विक्रीकर नाही, तो याच जोरावर. पण प्रांताच्या सीमा ओलांडणारी रेल्वे, पाइपलाइन, बंदरं आणि परदेशी व्यापार हे सगळं केंद्राकडे. म्हणजे माल प्रांताचा आणि वाट केंद्राची. कॅनडातली निम्मी भांडणं इथे सुरू होतात.

आता सास्काचेवानकडे जरा सावकाश बघू, कारण तो मला सर्वात जवळून माहीत आहे. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठा प्रदेश आणि वस्ती जेमतेम १२ लाखांच्या आसपास. देशातल्या लागवडीखालच्या जमिनीपैकी ४० टक्क्यांहून अधिक इथे आहे. जमिनीखाली पोटॅशचे थर आहेत. जगातलं साधारण एक तृतीयांश पोटॅश या एका प्रांतातून येतं. उत्तरेला अथाबास्का खोऱ्यात मॅकआर्थर रिव्हर आणि सिगार लेक या युरेनियमच्या खाणी आहेत. तिथल्या खनिजात युरेनियमचं प्रमाण जगात इतरत्र क्वचित आढळतं इतकं जास्त आहे. कमतरता एकाच गोष्टीची : समुद्र नाही.

मसुराचंच उदाहरण घ्या. पेरणी एप्रिलअखेर ते मेमध्ये, काढणी ऑगस्ट-सप्टेंबरात. शेतकरी माल ट्रकने जवळच्या एलेव्हेटरला, म्हणजे रुळालगतच्या उंच कोठारात, आणून टाकतो. तिथून हॉपर वाघिणी भरल्या जातात आणि गाडी रॉकी पर्वत ओलांडून व्हँकुव्हरच्या धक्क्याकडे निघते. अंतर दीड हजार किलोमीटरहून जास्त. रेल्वे कंपन्या मुख्यतः दोनच आहेत आणि बहुतेक कोठारांना त्यांपैकी एकाचाच रूळ लागतो. शेतकऱ्याला मिळणारा भाव म्हणजे बंदरावरचा भाव वजा रेल्वेभाडं, हाताळणी आणि उशिराचा धोका. या फरकाला व्यापारात ‘बेसिस’ म्हणतात. पीक चांगलं, जागतिक भाव चांगला आणि तरीही शेतकऱ्याच्या हातात कमी पैसे, असं होतं ते बेसिस वाढल्यामुळे.

तो वाढतो कसा, हे हिवाळ्यात कळतं. पारा उणे २५ अंशांच्या खाली गेला की रेल्वे कंपन्या गाड्यांची लांबी कमी करतात. मालगाडीचे ब्रेक हवेच्या दाबावर चालतात. कडाक्याच्या थंडीत वाघिणींमधल्या जोडांचं रबर कडक होतं, हवा गळते आणि लांब गाडीच्या शेवटच्या टोकापर्यंत दाब टिकत नाही. म्हणून तेवढ्याच मालाला जास्त गाड्या, जास्त इंजिनं आणि जास्त चालक लागतात. माल कोठारात अडकतो. दुसरीकडे व्हँकुव्हरला हिवाळा म्हणजे पावसाळा. पाऊस सुरू झाला की जहाजाच्या खणांची झाकणं बंद करून धान्य भरणं थांबवावं लागतं. जहाज नांगर टाकून उभं, डेमरेज, म्हणजे जहाज खोळंबल्याचा आकार, चालू. शेवटी ही रक्कम जहाजमालक सोसत नाही. फिरून फिरून ती शेतकऱ्याच्या बेसिसमध्ये येऊन बसते. सास्काचेवानची अर्थव्यवस्था म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं तर मी हा प्रवास सांगतो.

यातला इतिहासही महत्त्वाचा आहे. १८९७ मध्ये केंद्राने कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेला क्रोज नेस्ट खिंडीतून मार्ग बांधायला पैसे दिले आणि बदल्यात धान्याचं भाडं कायमचं कमी ठरवून घेतलं. या ‘क्रो दरा’ने प्रेअरीचा, म्हणजे मॅनिटोबा, सास्काचेवान आणि अल्बर्टातल्या मैदानी पट्ट्याचा, शेतकरी जगवला. पण त्याने एक नुकसानही केलं : कच्चा गहू बाहेर पाठवणं इतकं स्वस्त झालं की तिथेच गिरणी टाकण्यात किंवा तो दाणा गुरांना खाऊ घालण्यात फायदा राहिला नाही. १९८३ पासून ही व्यवस्था मोडायला लागली आणि १९९५ मध्ये भाड्यावरचं अनुदान पूर्ण संपलं. भाडं वाढल्यावर कमी किमतीचा गहू दूर पाठवण्यापेक्षा टनामागे जास्त पैसे देणारं पीक परवडायला लागलं. मसूर, वाटाणा आणि कनोला (मोहरीच्या कुळातलं तेलबी) यांचं क्षेत्र वाढलं. त्याला पायाभूत संशोधन तयार होतंच. सास्काचेवान विद्यापीठाच्या पीक विकास केंद्रातून ‘लेअर्ड’ हे मसुराचं वाण १९७८ मध्ये आलं होतं. पूर्वी ओल टिकवण्यासाठी जी जमीन एक हंगाम पडीक ठेवायचे, तिथे आता नत्र स्थिर करणारं कडधान्य उभं राहिलं. यॉर्कटनला कनोला गाळणारे मोठे तेल कारखाने उभे राहिले. भाड्याचा एक कायदा बदलला आणि भूगोलाच्या पुस्तकातला पीक नकाशा बदलला, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

अवलंबित्व मात्र गेलं नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये भारताने पिवळ्या वाटाण्यावर ५० टक्के आणि पुढच्याच महिन्यात मसूर-हरभऱ्यावर ३० टक्के आयातशुल्क लावलं, आणि त्याचा धक्का दक्षिण सास्काचेवानमधल्या गावांना थेट बसला. मार्च २०२५ मध्ये चीनने कनोला तेल, पेंड आणि वाटाण्यावर १०० टक्के शुल्क लावलं. त्याला कारण शेतीतलं नव्हतंच. कॅनडाने चिनी विजेरी मोटारींवर शुल्क लावलं होतं, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. मोटारी बनतात ऑन्टारियोत आणि किंमत मोजली प्रेअरीने. पश्चिमेचा राग समजून घ्यायचा असेल तर ही साखळी नीट पाहा.

आता अल्बर्टा. फेब्रुवारी १९४७ मध्ये एडमंटनजवळ लेडुकला तेल लागलं आणि शेती-गुरांचा प्रांत बदलून गेला. आज मुख्य उत्पादन उत्तरेच्या फोर्ट मॅकमरे भागातल्या तैलवाळूचं आहे. त्यातलं बिट्युमन इतकं घट्ट असतं की ते नळातून तसंच वाहत नाही. त्यात हलकं द्रव हायड्रोकार्बन मिसळावं लागतं, तेव्हा ते पाइपलाइनमधून जातं. हे जड तेल शुद्ध करण्याची सोय असलेले कारखाने मोठ्या प्रमाणावर अमेरिकेच्या मध्य-पश्चिम आणि आखाती भागात आहेत आणि बहुतेक नळ तिकडेच जातात. गिऱ्हाईक एकच असेल तर भाव कोण ठरवणार? २०१८ च्या शरद ऋतूत अल्बर्टाचं जड तेल अमेरिकी तेलापेक्षा पिंपामागे ४० डॉलरहून अधिक स्वस्तात विकलं जात होतं. प्रांत सरकारने अखेर जानेवारी २०१९ पासून उत्पादनातच कपात लादली. जमिनीत तेल आहे, बाजारात भाव आहे आणि तरी उत्पादन थांबवावं लागतं. ही परिस्थिती वाट नसल्यामुळे आली.

पूर्वेकडे जाणारी ‘एनर्जी ईस्ट’ पाइपलाइन योजना २०१७ मध्ये रद्द झाली. दक्षिणेकडच्या ‘कीस्टोन एक्सएल’चा परवाना जानेवारी २०२१ मध्ये अमेरिकेने काढून घेतला. पॅसिफिककडे जाणारी ट्रान्स माउंटन पाइपलाइन केंद्र सरकारने २०१८ मध्ये ४५० कोटी डॉलरना स्वतः विकत घेतली. विस्तारावर सुमारे ३,४०० कोटी डॉलर गेले आणि मे २०२४ मध्ये ती सुरू झाली. क्षमता रोज ३ लाख पिंपांवरून ८ लाख ९० हजारांवर गेली आणि अल्बर्टाला समुद्रमार्गे आशियाचं गिऱ्हाईक मिळालं. त्यानंतर भावातली तफावत कमी झाली.

समानीकरण निधीबद्दल इथेच सांगतो, कारण त्याबद्दल फार चुकीचं ऐकायला मिळतं. अल्बर्टाचं सरकार क्वेबेकच्या सरकारला धनादेश देत नाही. केंद्र देशभरातून कर गोळा करतं आणि त्या तिजोरीतून ज्या प्रांतांची कर उभारण्याची क्षमता सरासरीपेक्षा कमी आहे, त्यांना रक्कम देतं. ही योजना १९५७ पासूनची, आणि १९८२ मध्ये तिचं तत्त्व राज्यघटनेत आलं. अल्बर्टात पगार जास्त, म्हणून तिथून केंद्राचा करही जास्त जातो, आणि १९६०च्या दशकाच्या मध्यानंतर अल्बर्टाला या योजनेतून काही मिळालेलं नाही. सर्वात मोठी रक्कम क्वेबेकला मिळते. अल्बर्टाच्या भावनेला आधार आहे, पण यंत्रणा लोक समजतात तशी नाही. ऑन्टारियोसारखा प्रांतही २००९-१० मध्ये मोटार उद्योग कोलमडल्यावर पहिल्यांदा या यादीत आला होता.

ऑन्टारियोवर थोडक्यात. देशाच्या ४ कोटींहून अधिक लोकांपैकी सुमारे १ कोटी ६० लाख इथे राहतात, आणि तेही बहुतेक दक्षिणेच्या चिंचोळ्या पट्ट्यात. उत्तरेला कॅनेडियन शील्डचा खडक आहे. तिथे शेती फारशी नाही, पण सडबरीचं निकेल आहे. टोरांटोत बँका आणि शेअर बाजार, विंडसर ते ओशावा मोटारी. १९६५ च्या मोटार कराराने सीमेच्या दोन्ही बाजूंचे कारखाने एकच झाले. एखादा सुटा भाग गाडीत बसेपर्यंत सीमा अनेकदा ओलांडतो. विंडसर-डेट्रॉइटच्या अ‍ॅम्बॅसडर पुलावरून दोन देशांतल्या व्यापाराचा साधारण चौथा हिस्सा जातो. फेब्रुवारी २०२२ मध्ये आंदोलकांनी हा पूल काही दिवस अडवला, तर मोटार कारखान्यांना पाळ्या बंद कराव्या लागल्या. समुद्र नसलेल्या सास्काचेवानसारखीच या श्रीमंत प्रांताचीही एक अरुंद वाट आहे. ती दिसत नाही, कारण रोज सुरळीत चालते.

क्वेबेकची मेख विजेत आहे. खासगी वीज कंपन्या १९६०च्या दशकात प्रांताच्या मालकीच्या हायड्रो-क्वेबेककडे आल्या, पुढे जेम्स बे प्रकल्प झाला. तिथल्या ला ग्रांद नदीवरच्या एका केंद्राचीच क्षमता ५,६१६ मेगावॅट आहे. आता गंमत बघा : कॅनडात बॉक्साइट निघत नाही, तरी अ‍ॅल्युमिनियम धातू वेगळा काढणाऱ्या नऊ प्रगालक कारखान्यांपैकी आठ क्वेबेकमध्ये आहेत. एक टन अ‍ॅल्युमिनियमला साधारण १३ ते १५ हजार युनिट वीज लागते. कच्चा माल जहाजाने सागने नदीतून आत आणणं परवडतं, कारण वीज तिथेच आहे. म्हणजे क्वेबेक वीजच निर्यात करतो, धातूच्या रूपात. त्याला पाइपलाइन लागत नाही.

ब्रिटिश कोलंबिया हा स्वतः लाकूड, कोळसा आणि वायूचा प्रांत आहे, पण इतरांच्या दृष्टीने तो दरवाजा आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अतिवृष्टीने डोंगर कोसळले, व्हँकुव्हरकडे येणारे दोन्ही लोहमार्ग आणि देशाच्या आतल्या भागाकडचे महामार्ग एकाच वेळी तुटले. देशाचं सर्वात मोठं बंदर रेल्वेपासून वेगळं पडलं आणि हजार-दीड हजार किलोमीटर दूर प्रेअरीतली कोठारं तुंबली. मॅनिटोबाकडे हडसन उपसागरावर चर्चिल हे बंदर आहे. युरोपला ते जवळ पडतं, पण समुद्र गोठल्यामुळे काही महिनेच चालतं. तिथे जाणारा लोहमार्ग २०१७ च्या पुरात वाहून गेला आणि दुरुस्त व्हायला पुढचं वर्ष उजाडलं.

प्रांताप्रांतांतला व्यापारही मोकळा आहे असं समजू नका. न्यू ब्रन्सविकच्या एका माणसाने २०१२ मध्ये क्वेबेकहून स्वस्त बिअर आणली, त्याला जवळपास ३०० डॉलर दंड झाला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २०१८ मध्ये निकाल प्रांताच्या बाजूने लागला. व्यवसायाचे परवाने, ट्रकच्या वजनाचे नियम, दारूविक्री असे अडथळे अजून आहेत. अमेरिकेच्या २०२५ मधल्या शुल्कवाढीनंतर ते काढायची घाई सुरू झाली. युकॉन, नॉर्थवेस्ट टेरिटरीज आणि नुनावुत यांची गोष्ट वेगळी : तिथे जमिनीचा अधिकार मुळात केंद्राचा, तो युकॉनला २००३ मध्ये आणि नॉर्थवेस्टला २०१४ मध्ये मिळाला. नुनावुतचा करार जानेवारी २०२४ मध्ये झाला.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न. अभ्यासाला एकच प्रांत घ्यायचा असेल तर न्यूफाउंडलंड अँड लॅब्राडॉर घ्या. मालकी आणि वाट, दोन्ही प्रश्नांची तीन वेगवेगळी उत्तरं इथे एका प्रांतात मिळतात.

पहिलं उत्तर मासे. समुद्रातली मासेमारी केंद्राच्या अखत्यारीत. कॉड मासा इतका उपसला गेला की २ जुलै १९९२ रोजी केंद्राने त्याच्या मासेमारीवर बंदी घातली आणि सुमारे ३० हजार लोकांचा रोजगार गेला. किनाऱ्यावरची गावं त्या एका माशासाठी वसली होती. निर्णय ओटावात झाला, परिणाम गावांनी भोगला. २०२४ मध्ये बंदी उठली, पण पहिल्या वर्षाचा कोटा १८ हजार टन, जुन्या काळापुढे अगदी किरकोळ.

दुसरं उत्तर तेल. हायबर्निया क्षेत्र समुद्रात, म्हणून १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते केंद्राचं ठरवलं. पण पुढच्याच वर्षी अटलांटिक करार झाला आणि ते तेल जमिनीवरचं असल्यासारखा महसूल प्रांताला मिळेल असं ठरलं. १९९७ मध्ये तेल सुरू झालं. जहाज थेट येऊन लागतं, मध्ये दुसरा प्रांत नाही. न्यायालयात हरूनही वाटाघाटीत जिंकलेला हा प्रांत पुढे काही वर्षं समानीकरणाच्या यादीतूनही बाहेर पडला.

तिसरं उत्तर चर्चिल फॉल्स, आणि यावर तुम्ही सर्वात जास्त वेळ द्या. लॅब्राडॉरमधलं ५,४२८ मेगावॅटचं हे जलविद्युत केंद्र. नदी प्रांताची, मालकीत वादच नाही. पण वीज ग्राहकांपर्यंत न्यायची तर तारा क्वेबेकमधूनच जाणार. १९६९ मध्ये जो करार झाला त्यात जवळपास सगळी वीज हायड्रो-क्वेबेकला २०४१ पर्यंत ठरलेल्या भावात द्यायची होती. २०१६ नंतरचा भाव तर युनिटला ०.२ सेंट. बाजारभाव कितीही वर गेला तरी फरक क्वेबेककडे. प्रांताने अनेकदा न्यायालयाची दारं ठोठावली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही करार करारच, असा निकाल दिला. क्वेबेकला वळसा घालायचा म्हणून मस्क्रॅट फॉल्स हा जलविद्युत प्रकल्प उभारला आणि समुद्राखालून तारा टाकल्या, त्यांचा खर्च १,३०० कोटी डॉलरच्या पुढे गेला. डिसेंबर २०२४ मध्ये दोन्ही प्रांतांनी जुना भाव मुदतीआधीच बदलून तो कितीतरी पट वाढवण्याचा तत्त्वतः समझोता केला. तो मसुदा मिळवा आणि १९६९ च्या करारातल्या भावाच्या तक्त्याशेजारी ठेवून वाचा. क्वेबेकला नव्या विजेची गरज आहे आणि २०४१ जवळ येतंय, म्हणून या वेळी सौद्याचा जोर लॅब्राडॉरच्या बाजूने सरकलेला तुम्हाला आकड्यांतच दिसेल.